सज्ञान कसे व्हावे : स्वमग्न नवशिक्यांसाठी सोपी पुस्तिका

ही पुस्तिका वयाची १८ वर्षं पूर्ण केलेल्या स्वमग्न वाचकांसाठी आहे. यातल्या सूचना शब्दशः घ्याव्यात. एरवीही तुम्ही त्या शब्दशःच घेता आणि बोलणी खाता. इथे खावी लागणार नाहीत. आजवर तुमच्या दिमतीला थेरपिस्ट होते, विशेष शाळा होती, ‘मोठा झाला की होईल सगळं नीट’ म्हणणाऱ्या मावश्या होत्या. आता तुम्ही मोठे झालात. मावश्यांनी विषय बदललेला आहे.

सर्वप्रथम आपण आहोत, हे सिद्ध करावे. २०११च्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे रकाने होते, पण ऑटिझमचा नव्हता. त्यामुळे तुमची गणती झाली असलीच तर दुसऱ्या कुणाच्या तरी रकान्यात. पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्या यादीत तुम्ही आलात. पुरावा म्हणून यूडीआयडी कार्ड मिळते : दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत असल्यास पांढरे, ४० पासून पिवळे, ८० पासून निळे. पांढरे मिळाल्यास जपून ठेवावे. त्याचा दुसरा उपयोग फारसा नाही.

हे टक्के आयएसएए नावाच्या मापनपट्टीवरून काढतात. तिच्यात ४० मुद्दे आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे ज्याला काहीच होत नाही त्यालाही ४० मिळतात. ७० पासून ऑटिझम सुरू. नजरेला नजर देत नाही, ओळखीचं हसत नाही, एकटा राहतो, ठरलेल्यात बदल चालत नाही : जितकं जमत नाही तितके गुण जास्त. आता आईवडिलांनी पंधरा वर्षं, दर तासाला पैसे मोजून, तुम्हाला ‘डोळ्यांत बघून बोल’ हे शिकवलेलं असतं. टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे ते विसरावे. डॉक्टरांना नमस्कार करून ‘कसे आहात?’ विचारल्यास टक्के घसरतात. (मंडळाबाहेरच्या व्हरांड्यात मिचमिचणारी ट्यूब, करकरणारा पंखा आणि ‘चला, पुढचा!’ ही आरोळी यांत तीन तास काढावे लागतात. खरी परीक्षा तीच, पण तिचे गुण धरत नाहीत.)

यानंतर नोकरीची मुलाखत. इथे नेमके उलटे करायचे असते; म्हणून दोन्ही तारखा एकाच आठवड्यात घेऊ नयेत. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर जन्मापासून सुरुवात करू नये. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?’ या प्रश्नाचे ‘डोंबिवलीत’ हे उत्तर खरे असले तरी चुकीचे आहे. ‘आमच्याकडे कुटुंबासारखं वातावरण आहे’ असे कोणी म्हणाल्यास कामाचे तास विचारावेत. हा सल्ला सर्वांनाच लागू आहे.

सरकारी नोकरीत दिव्यांगांना किमान ४ टक्के राखीव जागा आहेत. त्यांतला १ टक्का तुमचा. मात्र त्यात बौद्धिक दिव्यांग, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांग अशी सगळी मंडळी आहेत, तेव्हा सरकून बसावे. खाजगी मालकांकडे ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने त्यांना प्रोत्साहन द्यावे, असेही कायदा म्हणतो. ‘आर्थिक क्षमतेनुसार’ हे शब्द त्याच वाक्यात आहेत.

एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने बंगळुरूत सहा स्वमग्न टेस्टर नेमल्याची बातमी २०१३ साली गाजली. तेव्हापासून लग्नात भेटणारा प्रत्येक काका तुम्हाला ‘कॉम्प्युटरमध्ये हुशार असशील ना?’ असे विचारणार. नसल्यास त्याची समजूत काढावी. कॉम्प्युटर न येणाऱ्यांसाठी कार्यशाळा असतात : कागदी पिशव्या, राख्या, पणत्या. दिवाळीच्या आठवड्यात कंपन्या तुमच्या पणत्यांना लॉबीत टेबल देतात, कर्मचारी फोटो काढतात. टेबल पाडव्यापर्यंतच असते.

नोकरी लागलीच, तर वाजवी सोय मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. उदाहरणार्थ, प्रिंटरपासून दूरची जागा किंवा तोंडी सांगितलेले काम चार ओळींत लिहून मिळणे. खर्च शून्य. उत्तर ठरलेले : ‘तुला दिलं तर सगळ्यांनाच द्यावं लागेल.’ सगळ्यांनाच लेखी सूचना मिळाल्या तर ऑफिसवर कोणते संकट कोसळेल, हे विचारू नये. विचारलेत, तर वार्षिक शेऱ्यात ‘संवादकौशल्य कमी’ लिहून येते.

नोकरी नाहीच मिळाली, तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांगांसाठी तिची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये महिना झाली. वाढ स्वागतार्ह आहे, हे मी थट्टेत म्हणत नाही. मात्र दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारही नाही. वडील वॉचमन असतील आणि आई दोन घरी पोळ्या करत असेल, तर सेतू केंद्रातून दाखला हातात पडताच तुम्ही सधन ठरता. तुम्ही सज्ञान आहात, मतदार आहात, खाते तुमच्या नावाचे आहे. उत्पन्न मात्र घरादाराचे मोजायचे. त्याच वेळी प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग करदात्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळते. थोडक्यात, एका खात्याने जेवढे उत्पन्न सोडून द्यायचे, तेवढ्यात दुसऱ्या खात्याच्या हिशेबी तुम्ही निराधार उरत नाही. दोन्ही कागद एकाच फाइलीत ठेवू नयेत, भांडतात.

केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ३०० रुपये आहे. त्यासाठी निळे कार्ड आणि दारिद्र्यरेषेखालचे घर लागते. पुढे जाऊ.

अर्धवेळ काम मिळाल्यास? सकाळी चार तास दुकानात माल लावायचा आणि अनुदानही ठेवायचे, अशी मधली पायरी या जिन्याला नाही. सहा हजार कमावलेत की अट मोडली. पुढे दुकान बंद झाले, तर उत्पन्नाच्या नव्या दाखल्यापासून सुरुवात. म्हणून अनेक घरांत ‘राहू दे, घरीच बस’ असे ठरते. आळशी कोण, यावर मग नातेवाईक बोलतात.

आता पालकांचा लाडका प्रश्न : आमच्यानंतर काय? राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हास्तरीय समितीकडून सज्ञान मुलालाही कायदेशीर पालक नेमून घेता येतो. अर्ज हयातीतच करावा. राहिली अनुदानासाठीची उत्पन्नाची अट. कमावते आईवडील गेले की ती बहुधा आपोआप पूर्ण होते. अनुदानाचा अर्ज करताना कुटुंबाचे उत्पन्न कमी कसे झाले, हे खिडकीवर विचारतात. तेव्हा मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती सोबत न्याव्यात. एक झेरॉक्सवाल्याकडे राहते.