सहा फळ्यांची पेटी

सावंतवाडीच्या राजवाड्यात पुण्याच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने दशावतारी गंजिफा हा पत्त्यांचा खेळ पाहिला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाची राजा-प्रधानासह बारा गोल पानं, एकूण १२०. मरणपंथाला लागलेली ही कला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यात कारागीर बसवून जगवली, हेही या काकांनी ऐकलं. त्यांची नजर मात्र खिळली पानांच्या पेटीवर. रंगीत, लाकडी, सरकत्या झाकणाची. किंमत विचारून ते काकूंना म्हणाले, "चार फळ्या आणि एक झाकण! घरी करू."

तळ मोजायचा राहिला, तोही हयात हिशेबात घालवलेल्या माणसाकडून.

एप्रिलात गॅलरीत कारखाना उभा राहिला. वखारीतून आंब्याची वाळलेली फळी आली. रंधा, पटाशी आणि गुण्या आले. लाकडाच्या रेषांना उलटा रंधा मारला की गुळगुळीत होण्याऐवजी कपच्या उडतात, हे पहिल्याच दिवशी काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांनाही कळलं. कोपऱ्यांसाठी काकांनी थेट डव्हटेल सांधा निवडला. त्यात शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकतात. पेटी ओढली तरी सुटत नाही. काकांनी करवत आखलेल्या रेघेच्या नेमकी आतल्या बाजूने चालवली, त्यामुळे दात सैल बसले आणि फटी पडल्या. मग भुसा आणि फेव्हिकॉल कालवून त्या बुजवल्या. (ही युक्ती बरेच सुतार करतात, फक्त वाटीभर भुसा कुणाला लागत नाही.) तयार पेटीला गुण्या लावला तेव्हा काका म्हणाले, "टेबलच वाकडं आहे."

झाकण मात्र झकास जमलं. मे महिन्यात ते खोबणीत असं बसलं की मुंगीला वाट नव्हती. काकांनी कौतुकाने कपाटाची किल्ली आत ठेवली.

जूनमध्ये पाऊस आला आणि झाकण बसलं ते बसलंच. लाकूड हवेतला ओलावा पितं. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगतं. म्हणून तर जुने सुतार कपाटाच्या दारातला पट चौकटीच्या खोबणीत जरा सैल सोडत, त्याला सरसही लावत नसत. कोपऱ्यावरच्या सुताराने पेटी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "काका, मिलिमीटरभर फट ठेवायला काय पैसे पडत होते?"

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि एका सकाळी झाकण आपणहून सरकलं. किल्ली जागच्या जागी होती. कपाटाचं कुलूप काकूंनी जुलैतच फोडून घेतलं होतं.