केकची बाजू

माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की त्याचं सहस्रचंद्रदर्शन करतात. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त धरले तर हजारावी उगवते ती साधारण ८० वर्षं १० महिन्यांनी. बाबांची ती पौर्णिमा वैशाखात आली. होम नको, भटजी नकोत, हॉल तर मुळीच नको, असं त्यांनी रे रोडच्या आमच्या खोलीत, खुर्चीतून न उठता जाहीर केलं. मग करायचं तरी काय? तर म्हणाले, "केक कापूया. तोही गोलच असतो." हजार चंद्रांच्या बदल्यात एक केक! सौदा फारच स्वस्तात पटला, या आनंदात मी बोलून गेलो की केक मी घरीच करीन. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फ्रिजमधला एक कप्पा रिकामा करायला घेतला.

सामानाचा प्रश्न नव्हता. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये अर्ध्या मुंबईला केक करण्याचा जो ताप भरला होता, तो आमच्या लेकीलाही भरला होता. ती पुण्याला गेली, ताप उतरला, आणि तिचं टर्नटेबल कपाटावर पुरणयंत्राच्या शेजारी जाऊन बसलं. सोबत स्टीलचा सरळ धारेचा पत्रा. त्याला स्क्रेपर म्हणतात. ही दोन हत्यारं असली की केकची बाजू आरशासारखी होते, असं लेकीने फोनवर सांगितलं. "फक्त हात हलवू नका, केक फिरवा." ऐकायला हे एखाद्या संतवचनासारखं वाटलं. पाळायलाही तितकंच सोपं निघालं.

खरं तर आमच्या घराण्यात गुळगुळीतपणाची मागणी कधी कोणी केली नव्हती. लहानपणी मे महिन्यात आई तूप, पिठीसाखर, मैदा आणि रवा डब्यात भरून बेकरीत घेऊन जायची. तिथे आमच्यासमोर नानकटाईचं पीठ मळलं जायचं, आणि पत्रे भट्टीतून बाहेर येईपर्यंत आम्ही पोरं दारात पहारा द्यायचो. नानकटाई तोंडावर तडकली नाही तर आईचा जीव खट्टू व्हायचा. तडा हीच तिची परीक्षा. एकसारख्या, काटेकोर कापलेल्या वस्तू करणं हे ब्रिटानियाचं काम होतं. त्यांचा रे रोडचा कारखाना चालू होता तेव्हा हार्बरच्या डब्यात डोळे मिटून बसलेला माणूससुद्धा वासावरून स्टेशन ओळखायचा. पुढे कॉटन ग्रीन येईपर्यंत तो वास अंगाला चिकटून असायचा आणि खिशात बिस्किट नसल्याचं फार वाईट वाटायचं.

तर केक. स्पंजचे वरचे फुगवटे कापून तीन थर सपाट केले. मध्ये हापूसच्या फोडी घालायच्या होत्या आणि आंब्याला तर वाहून जाण्याची घाई असते, म्हणून प्रत्येक थराच्या कडेने घट्ट बटरक्रीमचा बांध घातला. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. वाफ्यात पाणी अडवावं तसा आंबा अडवला. मग बाहेरून क्रीमचा पातळ पहिला हात, सुटलेला चुरा जागच्या जागी धरून ठेवण्यापुरता. अर्धा तास फ्रिज. मग जाड हात. मग पत्रा उभा धरून, श्वास रोखून, केक फिरवायचा.

इथे मेच्या दुपारीला माझ्या आयुष्यात यावंसं वाटलं. लोणी तेहतीस-चौतीस अंशांना माणसासारखंच वागतं, म्हणजे आधी सैल होतं आणि मग जबाबदारी सोडतं. पंखा लावावा तर क्रीमला सुरकुत्या पडतात, बंद करावा तर घाम टपकतो. एक बाजू चापून घेतली की दुसरी ओरबाडली जाई. ती भरली की पहिलीत पत्र्याची धार रुतून पायरी पडे. चार वेळा केक फ्रिजमध्ये गेला, चार वेळा बाहेर आला. पाचव्यांदा मात्र पत्रा गरम पाण्यात बुडवून, पुसून फिरवला आणि बाजू अशी उतरली की मीच दोन पावलं मागे सरकलो. गुळगुळीत, हस्तिदंती, हजारावा चंद्र. बायकोला हाक मारली. तिने पदराला हात पुसत पाहिलं, "छान झालाय" म्हणाली आणि जरा थांबून "बाबांना दाखवा" असं पुढे म्हणाली. एवढं म्हणण्यात तिने पुष्कळ काही म्हटलं होतं.

बाबा माझगाव डॉकमध्ये प्लेटर होते. ३८ वर्षं. म्हणजे जहाजाची बाजूच त्यांनी केली. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली फ्रिगेट 'निलगिरी' १९६८ साली पाण्यात उतरली तेव्हा ते गोदीत नवे होते; १९७२ला ती नौदलात गेली तोवर जुने झाले होते. त्यांनी केककडे पाहिलं, एक डोळा मिटला, आणि म्हणाले, "ट्यूब बंद कर."

खोलीत अंधार झाला. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि केकच्या बाजूला जवळजवळ टेकवून, तिरपा धरला. मी पाहिलं आणि माझा चंद्र खरोखरचा चंद्र झाला. खड्डे, उंचवटे, पत्र्याच्या उभ्या रेघा, आणि दोन थरांच्या सांध्यावर एक संथ, गोल फुगवटा. जेवणानंतर सैल केलेल्या पट्ट्याच्या वर पोट येतं, अगदी तसा.

"समोरून उजेड पडला की सगळंच सपाट दिसतं," बाबा म्हणाले. "पौर्णिमेला चंद्रावर तरी काय दिसतं? अर्धा असताना बघ, ऊन आडवं येतं." मग ते गोदीत शिरले. वेल्डिंग थंड होताना पत्रा ओढतं, मधला भाग आत बसतो आणि आतल्या फ्रेमच्या फासळ्या बाहेरून उमटतात. त्याला साहेबलोक 'हंग्री हॉर्स' म्हणत, उपाशी घोडा. संध्याकाळी तिरपं ऊन आलं की नव्या कोऱ्या जहाजाच्या फासळ्या मोजता येत. "तुझा घोडा मात्र खाऊन-पिऊन आहे," असं म्हणत त्यांनी फुगवट्यावर बोट नेलं, टेकवलं नाही. "थर रचल्यावर वर वजन ठेवून दोन-चार तास बसू द्यायचा होता. त्या भाराने बसला असता, आतलं जे बाहेर यायचं ते आधीच आलं असतं. घाई कित्याक केलंस?"

या स्वरात ते पूर्वी एकदाच बोलले होते. २०१४ साली जुनी 'विक्रांत' स्टेशनच्या पलीकडे, दारुखान्यात, तोडायला आली. १९६१ साली नौदलात आलेली, १९९७ला निवृत्त झालेली, मधली काही वर्षं संग्रहालय म्हणून लोकांनी रांगा लावून पाहिलेली. बाबा मला घेऊन गेले. मी चाळिशी ओलांडलेला, तरी जवळजवळ बोट धरूनच. लांबून दिसलं तेवढं पाहिलं. गॅस कटरने बाजू उतरवली होती आणि आतले मजले एकावर एक उघडे पडले होते, सुरी घातलेल्या केकसारखे. जवळच्या कोणीतरी हळहळत मोबाइल काढला. बाबा मात्र फ्रेममधलं अंतर डोळ्यांनी मोजत होते. परत येताना म्हणाले, "बाहेरून कळलंच नव्हतं, किती दाट काम केलंय." तिच्या लोखंडातून पुढे बजाजने 'व्ही' मोटारसायकलची टाकी घडवली. चाळीतल्या एका पोराने ती घेतली तेव्हा बाबांनी टाकीवरून तळहात फिरवून चौकशी केली होती, की आता विक्रांत लिटरला किती देते.

संध्याकाळी माणसं जमली. लेक पुण्याहून आली, मजल्यावरची सगळी आली, आरतीचं तबक आलं. मी केक टेबलावर ठेवून सुरी आणायला आत गेलो. परत येताना दारातून दिसलं: बाबा खुर्चीतून उठले होते. एका बोटाने ते टर्नटेबल हळूच फिरवत होते, पाव फेरा, मग थोडंसं आणखी. फुगवट्याची बाजू भिंतीकडे गेली तसे ते थांबले. मग ट्यूब नेमकी समोर आहे ना, हे मान वर करून पाहिलं, आणि काही झालंच नाही अशा बेताने परत खुर्चीत बसले.

केकचं फार कौतुक झालं. "अगदी बेकरीसारखा!" शेजारच्या काकू म्हणाल्या. लेकीने फोटो काढले, सगळे समोरून. बाबांना ओवाळून झाल्यावर मी सुरी त्यांच्या हातात दिली आणि कुठून कापणार म्हणून विचारलं.

"मागून," ते म्हणाले. "तो तुकडा माका. तेच्यात आंबो जास्त आसा."