हा हंगाम काढंल की!

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही चहाच्या गाड्यावर सकाळी दहाला उभं राहावं, आण्णा भेटतातच. आडनाव काहीही असो. साठीच्या अलीकडं-पलीकडं वय, एका किंवा दोन ट्रकांची मालकी, खिशात डायरी, डायरीत आरसीची झेरॉक्स आणि काखेत जुन्या पेपरात गुंडाळलेला एखादा तेलकट पार्ट, एवढं जुळलं की तो माणूस आण्णा. दर गल्लीला एक तरी असतो. त्यातला एक घेऊ.

या आण्णांकडं २००९ सालची टाटा १६१३ आहे, टर्बो कमिन्स. सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं सिक्स बीटी इंजिन. टाटा आणि कमिन्सची जमशेदपूरची भागीदारी १९९३ सालची, पण आण्णांच्या तोंडून ऐकलं तर दोन्ही पार्ट्यांची सोयरीक त्यांनीच जुळवली असावी असं वाटतं. गाडी हंगामात ऊस ओढते, एरवी गूळ, सिमेंट, मिळेल ते. पळाली किती? ‘नऊ लाख,’ आण्णा सांगतात. मीटरची केबल तीनदा तुटली आणि मधली दोन वर्षं मीटर बंदच होता, त्यामुळं हा आकडा यंत्राचा नसून स्मरणशक्तीचा आहे. कोल्हापूर-पुणे जाऊन-येऊन साधारण ४६० किलोमीटर धरले, तर पुण्याच्या जवळजवळ दोन हजार फेऱ्या होतात. हा हिशेब सूनबाईंनी सांगितला तेव्हा आण्णा क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, ‘‘तरी पुणं काय मला आवडलं न्हाई.’’

गेल्या दिवाळीपासून इंजिन ऑइल खातंय. म्हणजे मिस्त्री म्हणतो खातंय. आण्णा म्हणतात, ‘‘वयानं जरा चव लागलीया.’’ पुण्याला जाताना लिटरभर, येताना लिटरभर. आंबा घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवरून तिसरा घ्यायला तयार नाही. मागून निळा धूर. धुराचं शास्त्र आण्णांना पाठ आहे: काळा म्हणजे नोझल किंवा पंप, ढगासारखा पांढरा आणि रेडिएटरचं पाणी कमी म्हणजे हेड गॅस्केट, निळा म्हणजे ऑइल जळतंय. दुसऱ्याच्या गाडीचा निळा धूर ते टोलनाक्यावरून ओळखतात. स्वतःच्या गाडीचा तेवढा त्यांना ‘सकाळचा धूर’ वाटतो, दुपारी तीन वाजतासुद्धा.

शेवटी मिस्त्रीनं पुरावाच समोर ठेवला. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि उलटं करून तिथंच नुसतं टेकवलं. झाकण थुईथुई नाचलं आणि उडून आण्णांच्या चपलेपाशी पडलं. रिंगा आणि बोअर झिजले की वरचा दाब पिस्टनच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरतो, तोच हा.

‘‘आण्णा, खाली हवा मारतंय. काम काढायला पायजे.’’

‘‘झाकण हलकं हाय ते,’’ आण्णा म्हणाले. ‘‘हा हंगाम काढंल की!’’

हा हंगाम म्हणजे नेमका कोणता, हे आण्णांनी कधीच स्पष्ट केलेलं नाही. मागच्या वर्षीही हाच होता.

घरात खरी पंचाईत सूनबाईंची. त्या बी.कॉम. आहेत आणि डिझेलच्या पावत्या तारखेवार लावून ठेवतात. ‘‘मामा, पूर्वी लिटरला पाच पडायचं, आता चार पडतंय. महिन्याला चार हजार किलोमीटर गाडी चालते. पूर्वी आठशे लिटर लागायचं, आता हजार. दोनशे लिटर जास्तीचं, नव्वदच्या भावानं अठरा हजार. ऑइल वेगळंच. वर्षभर असंच चाललं तर इंजिनाचं काम धुरातनंच गेलं म्हणायचं.’’ आण्णांनी कागद उलटसुलट करून पाहिला. चूक सापडली नाही, तेव्हा म्हणाले, ‘‘डिझेलातच आता दम ऱ्हायला न्हाई.’’

दुरुस्ती की बदली, हा प्रश्न इतर गावांत पैशाचा असतो. कोल्हापुरात तो शेजारधर्माचा आहे. पंचगंगेकाठच्या पंपांची ऑइल इंजिनं ज्या गावानं स्वतः ओतली, जिथं म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही नावं पैलवानांच्या नावासारखी घेतली जातात, तिथं इंजिन ‘गेलं’ असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. तीनेकशे फाउंड्र्या आसपास. देशभरच्या गाड्यांचे ब्लॉक आणि हेड शिरोली, गोकुळ शिरगावात ओतले जातात, पिस्टन मेननचे इथलेच, कागलला किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना. एका गल्लीत क्रँक ग्राइंडिंग, वळलं की बोअरिंग-होनिंग, पुढं हेड फेसिंग, चौकात पंप कॅलिब्रेशन. मधे मिसळ. एवढं सगळं चालत जायच्या अंतरावर असताना नवीन इंजिन घेणं म्हणजे घरात जेवण तयार असताना हॉटेलात जाण्यासारखं.

त्यामुळं आण्णा पंधरा दिवस मतं गोळा करत फिरले. क्रँकवाला म्हणाला, क्रँक अजून एक साईज घेईल, पाव मिलिमीटर घासून पुढचं बेअरिंग घाला. पंपवाला म्हणाला, दोष सगळा पंपात आहे. टर्बोवाल्याला तो टर्बोत दिसला. ज्याच्याकडं जे मशीन, त्याला तो आजार. डॉक्टरांचं तरी वेगळं काय असतं म्हणा. गाड्यावरच्या एका तरुणानं सुचवलं, ‘‘आण्णा, इका की ही. नवी बीएस-सिक्स घ्या.’’ जुन्या गाडीचं दुखणं नुसतं इंजिनाचं नाही, हे खरंच आहे. आठ वर्षांपुढं फिटनेस दरवर्षी, आणि २०२१ च्या भंगार धोरणापाठोपाठ केंद्रानं पंधरा वर्षांवरच्या ट्रकच्या फिटनेसची फी १२,५०० रुपयांवर नेली. पण आण्णांनी नव्या गाडीची चौकशी केली आणि एकाच गोष्टीवर अडले. एप्रिल २०२० नंतरच्या या मोठ्या गाड्यांना डिझेलशिवाय वेगळ्या टाकीत डीईएफ लागतं, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी.

‘‘युरिया?’’ आण्णा म्हणाले. ‘‘मर्दा, ऊस हाय व्हय त्यो?’’

मग मुलानं मधला मार्ग काढला. कंपनीकडून रिकंडिशन केलेलं इंजिन वॉरंटीसह मिळतं. टाटांची प्रोलाइफ नावाची अशी योजनाच आहे. गाडी महिनाभर उभी राहायला नको, चार दिवसांत इंजिन चढवून रस्त्यावर. आरसीवर इंजिन नंबर बदलून घेतला की झालं. आण्णा जवळजवळ तयार झाले. डायरीत आकडा लिहिला, खाली रेघही मारली. मग त्यांनी विचारलं, ‘‘आणि आपलं जुनं?’’

‘‘ते परत द्यायचं. एक्स्चेंजच असतंय ते.’’

रेघ खोडली गेली. किंमत परवडत होती, वॉरंटी पटत होती. पण नऊ लाख किलोमीटर ओढलेलं इंजिन अनोळखी माणसांच्या हाती द्यायचं, तेही पावतीवर नुसतं ‘जुना माल’ लिहून, हे आण्णांना झेपेना. या जागी अर्थशास्त्र संपतं, आणि सूनबाईंनीही पावत्यांची फाइल बंद केली.

इंजिन उतरलं. बोअर गेज आत गेला आणि मिस्त्रीनं मान वर न करता विचारलं, ‘‘ह्याआधी कितीचं घातलं हुतं?’’ आण्णा म्हणाले, अर्ध्याचं. गेज म्हणाला, एकाचं. या इंजिनाला मुळात वेगळा लाईनर नसतो, पिस्टन ब्लॉकच्याच अंगात चालतो. बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठं पिस्टन घालता येतं, पुढच्या खेपेला एक मिलिमीटरचं. दोन्ही खेपा होऊन गेल्या होत्या आणि आण्णांच्या डायरीत एकच होती. आता ब्लॉक आणखी मोठा करून त्यात स्लीव्ह ठोकायचे आणि पिस्टन पुन्हा मूळ मापाचे घालायचे, एवढीच वाट उरली.

‘‘म्हंजे परत स्टँडर्ड?’’ आण्णांचा चेहरा उजळला. ‘‘नव्यासारखंच की मग!’’

काम तेवीस दिवस चाललं. आण्णा रोज येऊन बसायचे, तालमीत पोराची मेहनत बघायला बाप येतो तसे. मिस्त्रीला त्याच्याच पैशानं चहा पाजायचे आणि टॉर्क पान्याचा आवाज मोजायचे. इंजिन चढलं, नारळ फुटला, सेल्फ मारला. धूर नाही. मिस्त्रीनं झाकण उलटं करून टेकवलं, ते जागचं हललं नाही. आण्णांनी ते उचलून स्वतःच्या हातानं पुन्हा ठेवून पाहिलं.

शिरोलीपर्यंत ट्रायल झाली. परत येताना आण्णांनी ड्रायव्हरला खिडक्या बंद करायला लावल्या, कान पुढं केला आणि बराच वेळ ऐकत राहिले.

‘‘इंजिनाचा आवाज गेला बघ,’’ ते म्हणाले, ‘‘त्यामुळं गिअरबॉक्सचा कळायला लागलाय.’’

‘‘उतरवूया का मग?’’ ड्रायव्हरनं विचारलं.

‘‘नगं. हा हंगाम काढंल की!’’