खिंडारवाले काकाजी

यवतमाळात दारव्हा रोड घ्या, लोहारा घ्या की वाघापूर. मेंदीचं जुनं कुंपण असलेल्या वस्तीत एक खिंडारवाले काकाजी असतातच. अंगात बनियन, हातात खुरपं आणि तोंडात सदैव बकऱ्या. मृगाची सर पडली की कुंपणातल्या खिंडारात ते नवं रोप लावतात. पोळ्यापर्यंत त्याला चार पानं फुटतात, दिवाळीला नुसती काडी उरते आणि काकाजी पुन्हा बकऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. माझ्या मते या खटल्यात बकरी निर्दोष सुटायला हवी. ती मेंदीला तोंड लावते असं समजलं, तरी कडेकडेनं कुरतडत जाईल. दीड हात रुंदीची, नाकासमोर सरळ वाट पाडून तिला जायचंय कुठे? शिवाय पावसाळ्यात त्या चिखलात खूर कमी आणि चपला जास्त उमटलेल्या दिसतात. आणि त्या चपला जातात थेट काकाजींच्याच सैपाकघराच्या दारापर्यंत. विरजण, कढीपत्ता, शेजारच्या सुनेच्या माहेरची बातमी, असा सगळा माल या नाक्यावरून येतो-जातो. सगळ्या घरात हे ठाऊक नसलेला माणूस एकच.

काकाजींचा बचाव पाण्याचा असतो. ‘पाणीच नाही तं रोप जगंल कसं?’ निळोणा आणि चापडोह आटून सारं शहर टँकरवर आलं, तो २०१८चा उन्हाळा ते हमखास पुढे करतात. पण खिंडाराच्या दोन्ही अंगांची जुनी झुडपं त्याच उन्हाळ्यात उभी राहिली, याचं काय? खरी गोम तिथेच आहे. या जुन्या खोडांची मुळं खिंडाराखाली एकमेकांत गुंतलेली असतात. वर फांद्यांची सावली, खाली पायांनी थापून फरशी झालेली काळी माती. त्यात वीतभर रोप खोचणं म्हणजे भरल्या पंगतीत उशिरा आलेल्या पोराला ताटाशिवाय बसवणं. हातभर खोल खणावं, आत घुसलेली मुळं तोडावी, शेणखत घालावं. त्याहून सोपं म्हणजे शेजारच्या झुडपाची खालची फांदी वाकवून मातीत दाबावी आणि वर दगड ठेवावा. तिला स्वतःची मुळं फुटेपर्यंत आईच पोसते. शिवाय कडेची दोन झुडपं गुडघ्याइतकी छाटली, तर ती खालून भरतात. पण छाटणीचं नाव काढलं की काकाजी कळवळतात: ‘चांगलं हाये ते काऊन तोडू?’ मेलेल्या काडीवर त्यांची माया, जिवंत झुडपाकडे मात्र ढुंकून बघणं नाही.

‘मग तार ठोका ना!’ असं कोणी म्हणेल. तार बकरी अडवील, विरजण नाही. रोही आणि रानडुकरांनी बेजार झालेला शेतकरीसुद्धा धुऱ्यावर बोराटी रचताना आपल्या जाण्यायेण्यापुरतं फाटक सोडतो. इंग्रजांनी मिठाची चोरटी ने-आण थांबवायला पंजाबपासून पार बुऱ्हाणपूरपर्यंत बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग लावून कुंपण धरलं होतं. पुढे काँग्रेस स्थापणाऱ्या ह्यूमसाहेबांनी ते नेटानं वाढवलं. वाळवी, वणवा, वादळ यांनी पडलेली खिंडारं बुजवायला हजारो माणसं राबत होती. तरी जाण्यायेण्यासाठी नाके ठेवावेच लागले. मिठावरचे कर जवळपास सारखे झाले, पलीकडून मीठ आणण्यात कमाई उरली नाही, तेव्हा कुठे १८७९ साली त्या कुंपणावरून सरकारचा जीव उठला. काकाजींच्या हाती तर खुरपं एकच आहे आणि पलीकडचं विरजण घरच्यापेक्षा घट्ट लागतं.

तेव्हा खिंडाराच्या जागी लहानसं फाटक बसवावं आणि दोन्ही अंगांना फांद्या दाबून द्याव्यात, हे सरळ आहे. पण फाटक बसवायचं तर वाट घरातूनच पडली हे कबूल करावं लागतं, आणि बकऱ्यांची माफी मागावी लागते. यंदाही मृगात रोप लागेल, भोवती बोराटी खोचली जाईल. दुपारी काकाजींचा डोळा लागला की घरातलंच कोणीतरी ती बोराटी अलगद बाजूला सारून, पदराला काटा लागू न देता, वाटी घेऊन पलीकडे जाईल.