मघा नक्षत्राचा वड कुठे ठेवू?

राशीनुसार कुंड्या देणाऱ्या गुरुवर्यांस,
मेन बझार, पहाडगंज, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

विदेशी पाहुण्यांना ढगळ पायजमे विकणाऱ्या दुकानांच्या मधोमध आपली रेहडी उभी असते. प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमच्या काडीवर राशीचं कार्ड खोचलेलं. मेष : कोरफड. वृषभ : मनीप्लांट. मकर : स्नेक प्लांट. खाली बाराही राशींना एकच आश्वासन : देखभाल शून्य, भाग्य हमखास.

पहिली शंका राशीचीच. कार्डावर तारखा आहेत, म्हणजे सूर्याची रास. मी नोव्हेंबरअखेरीचा नव्हे, सुरुवातीचा. तेव्हा आपल्या हिशेबी वृश्चिक. आमच्याकडे रास धरतात चंद्रावरून. पत्रिकेत माझी सिंह आहे, नक्षत्र मघा. शिवाय आपलं राशिचक्र सायन, आमच्या पंचांगाचं निरयन. दोहोंत आज सुमारे २४ अंशांचं अंतर. हे ऐकून आपण जराही न गांगरता म्हणालात, ‘मग दोन्ही घेऊन जा.’ वराहमिहिराला हे सुचलं नसतं.

दुसरी अडचण आमच्या पंचांगाची. त्यात २७ नक्षत्रांचे आराध्यवृक्ष दिलेले असतात आणि सोपं असं त्यात फारसं काही नाही. रोहिणीला जांभूळ, उत्तराषाढाला फणस, अश्विनीला काजरा, ज्याच्या बियांत स्ट्रिक्निनसारखं जहाल विष असतं. मघाला वड. ज्याने कोणी ही यादी केली त्याने माणसाला कामाला लावलं होतं : झाड लाव, वाढव, तोडू नकोस, सावलीत नातवंडं बसतील. मी गच्चीवरच्या एका खोलीत भाड्याने राहतो. वडाच्या पारंब्या घरमालकाच्या पलंगावर उतरल्या तर करारात बसेल का, हे विचारायची हिंमत झालेली नाही. आपण मात्र काळाची नस पकडलीत. हल्लीच्या यजमानाला ग्रहांची कृपा हवी असते, तांब्याभर पाणी घालायला सांगितलेलं आवडत नाही.

आणि आपली निवड! स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला. पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतो, म्हणून पाणी जपून वापरतो. झी झी हे रोप पूर्व आफ्रिकेतलं. मातीखालच्या बटाट्यासारख्या कंदात पाणी साठवून ठेवतं. दोघंही दुष्काळात तयार झालेली. ती जगतात स्वतःच्या हिमतीवर, श्रेय मात्र शनी-शुक्राच्या खात्यावर जमा होतं. २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या पत्रिका कोणत्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कोणत्या, एवढंच ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या. उत्तरं सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास गेली असती. त्या बिचाऱ्यांनी भाकितासाठी माणसं घेतली, तिथेच फसले. आपण सहसा न मरणारी रोपं घेतलीत.

तरी एक भाकीत हुकलंच. शेजारच्या काकू कर्केच्या. ‘जलराशी, स्वभाव मायाळू’ म्हणून आपण त्यांना झी झी दिलंत. मायाळू माणूस रोपाचं काय करतो? सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. आपल्या चिनी मातीच्या कुंडीला खाली भोक नाही आणि वर रंगीत खडे असे चिकटवलेले की आत काय चाललंय कळू नये. महिन्याभरात दांडे बुंध्याशी पिवळे पडले. काकूंनी एक जरासा ओढला तर अलगद हातात आला; टोकाला तपकिरी लगदा, वास थेट गटाराचा. काकू म्हणाल्या, ‘शनी वक्री आहे हो.’ कुंडी उलटी करून दाखवली, पण भोकाची बाजू घ्यायला त्या तयार नाहीत.

उजेडाबद्दल कार्डावर अक्षर नाही. आमच्या गल्लीत समोरच्या गेस्ट हाउसची भिंत हाताला लागते, वर विजेच्या तारांचं जाळं. सूर्य कुठल्याही राशीत असो, पहिल्या मजल्याच्या खिडकीत नसतो.

‘हवा शुद्ध करते’ ही पुस्तीही जोडू नका. नासाचा १९८९चा तो अहवाल बंद पेट्यांमधल्या प्रयोगांवर होता. २०१९मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी हिशेब मांडला : खिडक्या-फटींतून हवा जेवढी बदलते तेवढं काम रोपांकडून घ्यायचं तर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील. माझी खोली नऊ चौरस मीटर. किमान नव्वद कुंड्या आत गेल्या की मी नोव्हेंबरातली दिल्लीची हवा खात जिन्यात झोपायला मोकळा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
(आपल्या मते) वृश्चिक, (आईच्या मते) सिंह

ता. क. : आमच्या इमारतीच्या मागे एसीच्या गळक्या नळीपाशी भिंतीतून पिंपळ उगवला आहे, कुंडी नाही, कार्ड नाही, खोड मनगटाएवढं झालंय. पिंपळ पुष्याचा आणि पुष्य कर्केत येतं, म्हणजे हिशेबाने तो काकूंचाच. घरमालक पापाच्या भीतीने तोडत नाही आणि भिंतीच्या भीतीने त्याला झोप नाही. आपण येऊन तो मुळासकट काढून न्यावा आणि योग्य यजमानाला विकावा. झी झीचे पैसे त्यातून वळते करून घेऊ.