पुढची येऊ दे

पुण्याच्या एआरएआय टेकडीवर सकाळी साडेसहाला जमणाऱ्या मंडळींत दोन तट आहेत. एक तट मोर बघतो, दुसरा गाड्या. मोरवाल्यांच्या गळ्यात दुर्बिणी असतात, गाडीवाल्यांच्या हातात मोबाइल. पण आवाज न करता झुडपाआड उभं राहण्याचं तंत्र दोघांचं सारखंच. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली, वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था याच टेकडीवर आहे. बाजारात न आलेली एखादी गाडी अंगभर काळीपांढरी नक्षी चिकटवून वर चढताना दिसली, की दुसऱ्या तटाला मोराने पिसारा फुलवल्याचा आनंद होतो.

२०२४ च्या जानेवारीत धुक्यातून तसंच काहीतरी आलं.

"स्विफ्ट!" काका कुजबुजले. "नवीन. बघ, खांदे बघ तिचे."

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत. टेकडीवर त्यांना 'पुढचीवाले काका' म्हणतात, कारण कुठल्याही गाडीबद्दल विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असतं : "आत्ताची घेऊ नकोस. पुढची येऊ दे." त्या सकाळी त्यांच्या पुतण्याने मोबाइल काढला, चार जणांनी श्वास रोखला, धुकं विरळ झालं आणि पुढची आली. तो तीनचाकी इलेक्ट्रिक टेम्पो होता.

काका जराही ढळले नाहीत. "नवीन स्विफ्टमध्ये तीन सिलिंडर असणार, हे मी आधीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "तिथे तीन, इथे तीन. फार चुकलेलो नाही."

त्या नक्षीचं कामच फसवण्याचं असतं. पत्रा कुठे उठतो आणि कुठे बसतो हे आपल्याला सावलीवरून कळतं. काळ्यापांढऱ्या वेलांट्या ती सावलीच फोडून टाकतात, आणि वर प्लास्टिकचे खोटे उंचवटेही डकवलेले असतात. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने जहाजं अशीच पट्ट्यापट्ट्यांनी रंगवायची कल्पना मांडली. जहाज लपवायचं नव्हतंच. ते कुठल्या दिशेला, किती वेगाने चाललंय याचा जर्मन पाणबुडीचा अंदाज चुकवायचा होता. शंभर वर्षांनी तीच युक्ती काकांवर चालवली जाते आणि त्यांचाही नेम पाणबुडीइतकाच चुकतो.

काका असे जन्मतः नव्हते. त्यांना असं एका दसऱ्याने केलं.

स्विफ्ट भारतात आली मे २००५ मध्ये. तिचं बीज 'कॉन्सेप्ट एस' या नावाने २००२ च्या पॅरिस मोटर शोमध्ये दिसलं होतं, आणि मारुती म्हणजे डब्यासारखी चौकोनी, सरळमार्गी गाडी, या समजुतीला तिने तडा दिला. काचा चष्म्यासारख्या एका पट्टीत, छप्पर तरंगल्यासारखं, चाकं चार कोपऱ्यांत. बॉनेटखाली मात्र ओळखीचंच १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. २००७ मध्ये फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल आलं, आणि ते पुढे इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत बसलं, की गाडीवाल्या मंडळींनी त्याला राष्ट्रीय इंजिनच म्हणायला सुरुवात केली. २०१२ मध्ये तर मारुतीने रांजणगावला असलेल्या फियाटच्या कारखान्याकडून वर्षाला १ लाख डिझेल इंजिनं घेण्याचा करार केला. रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाला जाणारे काका तेव्हापासून येताना त्या कारखान्याच्या दिशेनेही मान लववतात.

पाच वर्षं काका नुसतं बघत होते. एप्रिल २०१० मध्ये पुण्यासह १३ शहरांत बीएस-४ चे प्रदूषण-नियम लागू झाले आणि स्विफ्टला नवं के-सिरीज इंजिन मिळालं, १.३ ऐवजी १.२ लिटरचं. त्यामागे करही होता. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असल्यास १,२०० सीसीच्या आतल्या गाड्यांना अबकारी करात सवलत दिली होती, आणि नव्या इंजिनाची क्षमता भरत होती १,१९७ सीसी. परीक्षेत पस्तीसला पास होणाऱ्या मुलालाही इतका नेमका हिशोब जमत नाही. याच नियमापायी पुढे २०१२ मध्ये स्विफ्टच्याच डिझायर या सेडानची डिकी कापून सगळी गाडी ३,९९५ मिलिमीटरमध्ये बसवली गेली. उरलेल्या पाच मिलिमीटरमध्ये बहुधा नंबरप्लेटचे स्क्रू मावले असावेत.

तर, नवं इंजिन आलं, काकांनी मनाचा हिय्या केला आणि २०१० च्या दसऱ्याला, १७ ऑक्टोबरला, लाल स्विफ्ट घरी आणली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. सगळं यथासांग झालं.

१७ ऑगस्ट २०११ रोजी नवीन स्विफ्ट बाजारात आली. दहा महिने, तारखेला तारीख.

काका तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी खिशात मोजपट्टी घालून शोरूममध्ये गेले. नवीन गाडी लांबीला ३,८५० मिलिमीटर भरली, त्यांची ३,७६०. म्हणजे दहा महिन्यांत नऊ सेंटिमीटरचा तोटा. पण नंतर त्यांनी दोन्ही गाड्या डोळे बारीक करून बघितल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. सुझुकीने इतक्या जपून बदल केले होते, की लांबून दोघी सख्ख्या बहिणी दिसत होत्या, त्यातली धाकटी जरा उफाड्याची. त्यात मानेसरच्या कारखान्यात त्या वर्षी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत संपाचे फेरे झाले आणि वेटिंग काही महिन्यांवर गेलं. शेजारच्या जोशीकाकूंनी भरलेले बुकिंगचे पैसे अडकले, हे ऐकून काका त्यांचं सांत्वन करायला स्वतःच्या लाल स्विफ्टमधून गेले. अंतर होतं चाळीस पावलं.

तरी तो दसरा त्यांच्या मनात रुतला तो रुतलाच. त्या दिवसापासून त्यांनी स्विफ्टचं पंचांग मांडायला घेतलं : २००५, २०११, म्हणजे सहा वर्षं, पुढची २०१७ च्या आसपास. ती आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, ग्रेटर नॉइडाच्या ऑटो एक्स्पोत. काकांनी पाच-सहा महिन्यांच्या चुकीला अधिकमास म्हटलं.

२०१८ च्या गाडीने टेकडीवर फूट पाडली, आणि कारण होतं मागच्या दाराचं हँडल. ते दारावर नव्हतंच. डिझायनरांनी ते वर, काचेच्या मागच्या काळ्या खांबात लपवलं होतं, म्हणजे पाच दारांची गाडी बघणाऱ्याला तीन दारांची, स्पोर्टी वाटावी. ही इटालियन खोड आहे. १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मुळे ती गाजली, आणि आपल्याकडे शेव्हर्ले बीट आणि महिंद्रा केयूव्ही१०० यांनीही ती केली होती. पुतण्याला ते हँडल फार आवडलं. त्याने गाडी घेतली.

मग एक लग्न आलं. कार्यालयाच्या दारात पुतण्याने गाडी लावली. मावशी नऊवारी सावरत, एका हातात रुखवताचा डबा धरून गाडीपाशी आल्या आणि नेहमीच्या जागी हात घातला. तिथे गुळगुळीत पत्रा. त्यांनी हात खाली नेला, वर नेला, काचेच्या कडेवरून फिरवला, मग गोठ्यात गाईला शांत करावं तसा दारावर दोनदा थोपटला.

"अरे, याला कडी कुठेय?"

"मावशी, वर. त्या काळ्यात."

"काळ्यात काय रे, दिसत नाही मला. उघड तू."

मागे तीन गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. पुतण्या उतरला, वळसा घालून आला, दार उघडून उभा राहिला. बघणाऱ्यांना वाटलं, मुलगा किती संस्कारी! त्यानंतर प्रत्येक कार्याला मावशी त्याच्याच गाडीतून जाऊ लागल्या, कारण ड्रायव्हर उतरून दार उघडतो असा मान त्यांना दुसऱ्या कुठल्याच गाडीत मिळत नव्हता. घरातल्या लहान मुलांचा तर हात तिथवर पोचायचाच नाही, ही त्यांच्या मते त्या हँडलची सगळ्यात मोठी सोय.

काकांनी सहा वर्षं त्या हँडलला नावं ठेवली. एकदा दार म्हटलं की ते दारासारखं दिसलं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. शिवाय २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत या गाडीला एकच तारा मिळाला, तेव्हा एक तारा म्हणजे तारा नव्हे, टिकली, असंही त्यांनी टेकडीवर जाहीर केलं. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ च्या उंबऱ्यावर डिझेल स्विफ्टही निवर्तली होती. काकांनी रांजणगावच्या दिशेने मान लववली आणि पंचांग पुढे मांडलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये टोकियोच्या जपान मोबिलिटी शोमध्ये नवी स्विफ्ट 'कॉन्सेप्ट' म्हणून ठेवली गेली. नावापुरतीच कॉन्सेप्ट; नंबरप्लेट लावली असती तर संध्याकाळी भाजी आणायला नेता आली असती. त्या दिवसापासून टेकडीवर मोरवाल्यांचं बोलणं ऐकू येईनासं झालं. लोगो जाळीतून उठून बॉनेटच्या ओठावर आला होता, यावर दोन सकाळी गेल्या. आणि फोटो मोठा करून बघताना पुतण्याच्या लक्षात आलं : मागच्या दाराचं हँडल परत दारावर आलं होतं.

काका जिंकले होते. निदान तसं सगळ्यांना वाटलं.

"ह्यॅ," काका म्हणाले. "मग वेगळेपण काय राहिलं तिच्यात?"

पुढचे सहा महिने जपानला काय मिळालं आणि आपल्याला काय मिळणार, या काळजीत गेले. वरपक्षाच्या पंगतीत जिलबी वाढतायत आणि आपल्या पंगतीत अजून मीठच फिरतंय, अशी ती अवस्था. जपानला माइल्ड हायब्रिड, चारही चाकांना ताकद देणारा प्रकार, पुढच्या गाडीशी अंतर राखणारं रडार. ९ मे २०२४ रोजी आपली पंगत बसली, ६.४९ लाख रुपये एक्स-शोरूमपासून. रडार नाही, हायब्रिड नाही. पण सगळ्यात खालच्या मॉडेललाही सहा एअरबॅग. तीन सिलिंडरचं झेड१२ई इंजिन आलं : ताकद ९० पीएसवरून ८२ वर उतरली, आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीचं अॅव्हरेज कागदावर २२.३८ वरून २४.८० वर चढलं. काकांनी एका वाक्यात परीक्षण उरकलं : "आठ घोडे विकले आणि चारा वाचवला." डिकी २६८ लिटरवरून २६५ वर आली. यावर काकूंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं, "अहो, म्हणजे दुधाच्या सहा पिशव्या गेल्या."

टेस्ट ड्राइव्हला काका पाच रुपयांचं नाणं घेऊन गेले. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर तर दोन खाली, त्यामुळे एकमेकांचे धक्के बरेचसे फिटतात. तीनमध्ये दोन टोकांची ओढाताण उरते आणि इंजिन पाळण्यासारखं झुलायला बघतं. शोरूममधल्या पोराने बॉनेट उघडलं, काकांनी इंजिनाच्या झाकणावर नाणं उभं केलं आणि 'चालू कर' अशी खूण केली. नाणं क्षणभर तरलं आणि खणकन आत पडलं. कुठे, ते दिसेना. तिघांनी टॉर्च मारून शोधलं. काकांचा चेहरा उजळला होता. पाच रुपयांत सिद्धांत सिद्ध झाला होता.

परतल्यावर पुतण्याने दुसरं नाणं काकांच्या लाल, चार सिलिंडरवाल्या स्विफ्टवर उभं केलं. तेही पडलं.

"इथे रस्त्याला उतार आहे," काका म्हणाले.

शोरूममधल्या पोराने दुसऱ्या दिवशी फोन केला : काका, बुकिंग करायचं का? काकांनी त्याला स्विफ्ट स्पोर्टबद्दल विचारलं. १.४ लिटर टर्बो, १४० पीएस, वजन टनाच्या आत. जपानमध्ये ती २०१७ साली आली, भारतात विकायला कधीच आली नाही. गाडीवाल्यांच्या प्रत्येक पिढीने तिच्यासाठी निदान एक उन्हाळा वाया घालवला आहे. पोरगं म्हणालं, सर, तसं काही कळवलेलं नाही. "मग कळव," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यापुढच्याच महिन्यात भारतात विकल्या गेलेल्या एकूण स्विफ्टचा आकडा ३० लाखांवर गेल्याचं जाहीर झालं. त्यात काकांची अजूनही एकच होती.

२०२५ च्या ऑक्टोबरात लाल स्विफ्टची नोंदणी पंधरा वर्षांची झाली. घरच्यांना वाटलं, आता तरी. काकांनी गाडी धुतली, पर्यावरण कर भरला आणि पुतण्याला सोबत घेऊन तपासणीच्या रांगेत उभे राहिले. इन्स्पेक्टरने चॅसी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, इंडिकेटर, वायपर, हॉर्न बघितले. मग मागच्या दारापाशी गेला, न बघता हात घातला आणि दार उघडलं. काकांनी पुतण्याकडे बघितलं.

नोंदणी पाच वर्षांनी वाढली, २०३० पर्यंत. काकांनी तिथेच, गाडीच्या टपावर टेकून, पावतीच्या पाठीमागे आकडे मांडले : २००५, २०११, २०१८, २०२४.

"म्हणजे पुढची तीसच्या सुमाराला," ते पुतण्याला म्हणाले. "बरोबर बसतंय."