सोसायटीत बॉटलब्रश लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

बॉटलब्रशला दिवसाचे सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. पहिल्या दोन गोष्टी बागकामाच्या कुठल्याही पुस्तकात सापडतील. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात मात्र तिसरी नसेल तर पहिल्या दोन असून नसल्यासारख्या. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

अर्जात ‘वन्यजीवांसाठी’ असे चुकूनही लिहू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड. त्यामुळे इथे वन्यजीव म्हटले की बिबट्याच. सभेत कुणीतरी “म्हणजे आता बिल्डिंगमध्ये बिबट्या येणार का?” विचारतो, वॉचमनला मोठी बॅटरी घेऊन देण्याचा ठराव एकमताने मंजूर होतो आणि झाड पुढच्या वर्षावर जाते. अर्जात ‘सुशोभीकरण’ लिहावे. सुशोभीकरणाविरुद्ध हात वर करायला कोणी धजत नाही.

सोबत झाडाची वंशावळ जोडावी. मूळ गाव ऑस्ट्रेलिया. कॅप्टन कुकबरोबर 1770 मध्ये तिथे उतरलेल्या जोसेफ बँक्समुळे 1789 मध्ये ते इंग्लंडच्या बागांत पोचले. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी ही सगळी भावकी. एवढी परदेशी पार्श्वभूमी पाहिली की चेअरमन नरमतात. खरे तर पक्ष्यांसाठी लाल फुलेच हवीत तर आपल्या सह्याद्रीतली धायटी कधीही जास्त लायक. पण धायटीचे नाव काढून पाहा. “ते डोंगरावरचे झुडूप? इथे?” असे विचारणारा सभासद प्रत्येक विंगमध्ये एक तरी असतो.

मंजुरीनंतर जागा. उपनगरात बाग म्हणजे कंपाउंडची भिंत आणि स्कूटरींची रांग यांच्यामधली दीड हाताची पट्टी. तिच्यावर मागच्या कमिटीने पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. ते काढणे म्हणजे मागच्या कमिटीवर अविश्वास, हे समजून पुढे जावे. ठरलेल्या पार्किंगच्या डोक्यावर झाड नको. फुले सुकली की लाल तंतूंचा सडा बॉनेटवर पडतो आणि पक्षीही आपली भर घालतात. समोरच्या टॉवरची सावली किती वाजता कुठे पोचते ते आधी पाहावे. सावलीत बॉटलब्रश जगतो, पण फुलत नाही. मुंबईच्या पावसाची त्याला भीती नाही. लोंबत्या फांद्यांचा प्रकार तर मुळात ओढ्याकाठचाच. मात्र भिंतीशी तुंबून राहिलेल्या पाण्यात मुळे कुजतात, तेव्हा माती हातभर उंच करून तिथे रोप लावावे. रोप फांदीपासून तयार केलेले घ्यावे. बियांपासून वाढवलेले झाड फुलायला काही वर्षे लावते, आणि तेवढ्यात रीडेव्हलपमेंट येते.

आता फळ. म्हणजे फूल. आपण ज्याला ब्रश म्हणतो ती शेकडो पुंकेसरांची दाटी असते. पाकळ्या असतात, पण इतक्या बारीक की त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. उद्यानात पळस, पांगारा, काटेसावर पेटतात त्याच सुमारास, उन्हाळ्याच्या तोंडावर, हाही बहरतो. पहिला पाहुणा शिंजीर. उन्हात निळाजांभळा चमकणारा नर फांदीला उलटा लटकून चोच खुपसतो आणि बाहेर येतो तो हळद लागलेल्या नवरदेवासारखा, कपाळभर पिवळे पराग घेऊन. मागून चष्मेवाल्यांचा थवा, बुलबुल, सातेरी माश्या आणि गुणगुणणारे काळे भुंगे. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपल्याकडे हमिंगबर्ड आला!’ असा फोटो पडतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. हे ग्रुपवर सांगायचे की शेजार टिकवायचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

इथवर कौतुक झाले. पण बॉटलब्रश हा नुसता रसपानगृहाचा मालक आहे, जेवणाची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. त्याची चिवट, तेलकट पाने आपल्याकडच्या फुलपाखरांच्या अळ्यांच्या उपयोगाची नाहीत. 2015 मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू केले त्या ब्लू मॉरमॉनची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते. तेव्हा शेजारी एक लिंबू, एक कढीपत्ता हवाच. कढीपत्त्यासाठी वेगळा ठराव लागत नाही. सगळ्यांच्याच फोडणीचा प्रश्न असतो. पाने कुरतडलेली दिसली तर तक्रार करू नये. ज्यासाठी झाड लावले ते काम सुरू झाले, एवढाच त्याचा अर्थ.

शिंजिराची पिल्लेही मधावर वाढत नाहीत. त्यांना कोळी आणि किडे लागतात. घरटेसुद्धा मादी कोळ्याच्या जाळ्यानेच विणते आणि पुष्कळदा बाल्कनीतल्या लोंबत्या वायरीला टांगते. म्हणजे सोसायटीचे वार्षिक पेस्ट कंट्रोल बागेच्या पट्टीत शिरले, तर खाणे गेले आणि घरही गेले. फवारणीवाल्याला गटारापाशीच थांबवावे, चहा पाजावा, सही करून बिल द्यावे. घरटे झाले तर ती कपड्यांची दोरी महिनाभर विसरावी.

छाटणी हा सर्वांत नाजूक विधी. पावसाळ्याआधी माळी येतो आणि दिसेल त्याचा चौकोन करतो. ताजमहाल दिला तरी त्याचा चौकोन करील. बॉटलब्रशची छाटणी बहर ओसरल्या ओसरल्या, सुकलेल्या ब्रशच्या जरा खाली करायची. उशिरा सगळे शेंडे उडवले, तर पुढचा बहर त्यांच्याबरोबर कचऱ्याच्या गाडीत जातो. झाड समूळ काढायचा विषय निघाला तर 1975 च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्याची प्रत नोटीस बोर्डावर लावावी. परवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा आहे, हे वाचून निम्मे सभासद गप्प होतात.

उरलेले निम्मे बिल्डरशी बोलत असतात. रीडेव्हलपमेंटच्या सभेची नोटीस येताच, शक्यतो पावसाळ्यात, अर्धपक्व फांदीचे वीतभर तुकडे घ्यावेत, खालची पाने काढावीत आणि वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत लावावेत. मुळे धरली की भाड्याच्या घरी न्यावेत. ब्रोकरला कुंड्यांची संख्या आधी सांगू नये. सांगायचीच झाली तर अर्धी सांगावी.